कंडक्टरची डबल बेल

या पृथ्वीतलावर कोणतीही गोष्ट बिनतिकीट घडता कामा नये, अशी ज्याची अढळ श्रद्धा आहे असा एकच इसम आता शिल्लक उरला आहे आणि तो देवबागेत, माझ्या कुंपणापलीकडे राहतो. लाल गाडीवरच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्याला बारा वर्षे झाली, तरी वाडीत त्याला नावाने कोणी ओळखत नाही; तो कंडक्टर. मी तालुक्याच्या न्यायालयातून नाझर म्हणून बाहेर पडलो, म्हणून तो मला ‘नाझरानू’ म्हणतो. लहानपणी आम्ही एका बाकावर बसलो होतो. परंतु निवृत्तीनंतरही आपापल्या हुद्द्यावर कायम राहण्याचा हट्ट आम्ही दोघांनीही धरल्यामुळे आमची मैत्री एका खात्याने दुसऱ्या खात्याशी चालवलेल्या पत्रव्यवहारासारखी झाली आहे. स्वतःच्या लग्नाची वरात गाडीने आली तेव्हा नवऱ्या मुलाचेही तिकीट त्याने फाडले, असे सांगतात. ते खोटे आहे असे मला आजवर कोणी सिद्ध करून दाखवलेले नाही. सासूबाईंना मात्र त्याने तारकर्लीला उतरवले, याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. तिकीट तिथपर्यंतचेच होते आणि म्हातारीला पुढे लेकीच्या घरापर्यंत यायचे होते. तिकीट वाढवून घ्यायला ती कबूल नव्हती, आणि जावई ऐकायला तयार नव्हता. लेक त्याच गाडीत बसलेली होती. तिने नवऱ्याशी तीन दिवस अबोला धरला.

नऊ वर्षांपूर्वी वहिनी, म्हणजे कंडक्टरची बायको, न्हाणीघरात कोसळल्या. उजवे अंग गेले, वाचा गेली, आणि उजव्या डोळ्याची पापणी मिटेनाशी झाली. डावा हात तेवढा राहिला. इस्पितळातून घरी आणल्यावर कंडक्टर पडवीत माझ्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, “तीन दिस बोलाक नाय तेवा माका वाटला होता, ह्येच्याहून मोठी शिक्षा आसूची नाय. खुळो होतंय मी.”  डॉक्टरांनी सांगितले होते की दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलली पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतील. आपल्यासारख्या माणसाने हे ऐकून मान हलवली असती; कंडक्टरने वेळापत्रक तयार केले. आमचे गाव म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी, आणि त्याच्या घराला दोन्हीकडे खिडक्या. फळीवर पांढऱ्या रंगाने त्याने वेळा लिहिल्या आणि प्रत्येक वेळेपुढे आळीपाळीने ‘दर्या’ आणि ‘खाडी’ असे मुक्काम घातले. पहाटेची पेज ही पहिली गाडी. त्यानंतर दिवसरात्र वहिनी दर्याहून खाडीकडे आणि खाडीहून दर्याकडे प्रवास करत असतात. एकदा माझ्याशी बोलण्याच्या नादात त्याला पाच मिनिटे उशीर झाला, तेव्हा आत जाऊन तो वहिनींना म्हणाला, “गाडी लेट झाली. रस्त्यात नाझर आडवे पडले होते.”

या सेवेचा प्राण म्हणजे दोरी. भंगारात निघालेल्या गाडीची पितळी घंटा त्याने रीतसर लिलावात घेतली होती आणि पावती भिंतीला लावली होती. ती घंटा स्वयंपाकघराच्या दारावर टांगून, आढ्याखालून दोरी नेऊन तिचे टोक त्याने वहिनींच्या डाव्या हाताशी बांधले. एकदा वाजली तर थांब. दोनदा वाजली तर चल. महिन्याभरात या दोन शब्दांत वहिनी संपूर्ण संसार बोलू लागल्या. पेज गरम असली की सिंगल बेल. आमटी चालेल, डबल बेल. संध्याकाळी मी निरनिराळ्या खात्यांना लिहायच्या माझ्या तक्रारपत्रांचे मसुदे त्यांच्या पडवीत मोठ्याने वाचून दाखवत असे. एका पत्रातील सहाव्या परिच्छेदाच्या मध्यावर आतून सिंगल बेल आली आणि कंडक्टर गंभीरपणे म्हणाला, “नाझरानू, पॅशिंजर कंटाळलो.” मी तो परिच्छेद गाळला. न्यायालयात इतक्या वर्षांत माझा एक शब्द कोणी गाळू शकले नव्हते.

खाकी सदरा अंगात आणि कातडी बॅग खांद्याला अडकवल्याशिवाय तो वहिनींच्या खोलीत पाऊल टाकत नसे. बॅगेत कापूस, मलम, नखे काढायचे यंत्र आणि मिटत नसलेल्या डोळ्यात घालायचे थेंब. तिकिटांच्या जुन्या ट्रेमध्ये, जिथे पूर्वी निरनिराळ्या भाड्यांची तिकिटे असत, त्या खणांत गोळ्या. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की एका पुठ्ठ्यावर पंच मारायचा आणि वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, नोंद करायची: किती घास, किती पाणी, पाठ कशी, चेहरा कसा. ‘चेहरा’ या रकान्यात तो बहुधा ‘राग’ लिहीत असे आणि त्यावर समाधानी असे. भेटायला येणाऱ्यांना दारात उभे राहू देत नसे. आत सरकायला सांगे. पण कोणी ‘तिळाचे तेल चोळून पाहिलेत का’ किंवा ‘तुमचे भोग’ अशा वळणावर गेले, की दोरीला हात घालून सांगे, “तुमचो स्टॉप इलो. पुढच्या दारान उतरा.” माझ्या दिवंगत पत्नीची सख्खी बहीण अशी भर दुपारी उतरवली गेली आहे.

हे इतके वर्णन केल्यावर वाचकांचा असा समज होईल की हा माणूस कधी थकत नव्हता. तो थकत होता. महिन्यातून दोन वेळा आरोग्य केंद्रातून एक प्रशिक्षित सेविका येई आणि चार तास त्याला मोकळीक मिळे. त्या चार तासांत तो मालवणला जाऊन औषधे आणी आणि उरलेला वेळ बसस्थानकाच्या बाकावर झोपे. घरात दोरी कानाशी असल्यामुळे त्याला तशी झोप लागत नसे. सेविका मिळवण्यासाठी साध्या कागदावर अर्ज द्यावा लागे. तो मीच लिहीत असे, चार ओळींचा.

मग दोन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याने घरच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी असलेली ही सर्व मदत मोबाईलच्या अ‍ॅपवर नेली आणि कागदी अर्ज बंद केले. त्याच्या उद्घाटनाचे निमंत्रण कंडक्टरला आले होते. कार्यक्रम चार तासांचा, सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मागच्या फलकावर ‘सर्वांसाठी’ असे लिहिलेले. घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असलेल्यांनी चार तास कुठून आणायचे, याचा विचार ज्या मेजावर झाला नाही, त्या मेजाभोवती बसलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी व्यक्तिशः दोषी धरतो. कंडक्टर अर्थातच गेला नाही. मी गेलो, आणि समोसा न खाता परत आलो.

नेमक्या त्याच सुमारास त्याच्या डोळ्यांचे निदान झाले होते. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते, आणि त्यासाठी दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया लवकर झाली पाहिजे. त्यानंतर काही आठवडे वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही. वहिनींना उचलल्याशिवाय त्यांची कूस बदलत नाही. म्हणजे काही आठवड्यांसाठी सेविका हवी होती, आणि तिच्याकडे जाणारा एकमेव रस्ता त्या अ‍ॅपमधून होता. मूलबाळ नाही. वहिनींची बहीण दोन दिवसांसाठी आली आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरून परत गेली. मला हर्निया आहे. हे मी सबब म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो: मला पत्रे लिहिता येत होती, कूस बदलता येत नव्हती.

अ‍ॅपमधली अक्षरे पांढऱ्यावर करडी होती. नळीतून पाहिल्यासारखे ज्याला दिसते त्याला ती दिसत नव्हती, आणि मोठी करायची सोय नव्हती. देवबागेत मोबाईलला धड रेंज मिळते ती फक्त जेटीवर. वाडीतल्या आशाताईंनी, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आमच्या आरोग्य कार्यकर्तीने, दोन दुपारी खर्च करून अर्ज भरला. पण शेवटच्या पायरीवर रुग्णाचा जिवंत फोटो मागितला जाई. रुग्णाने कॅमेऱ्यासमोर दोन्ही डोळे मिटून उघडायचे. तसे केले तरच यंत्राची खात्री पटणार की समोर जिवंत माणूस आहे.

वहिनींना जेटीवर न्यावे लागले. चार जणांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत, चादरीने बांधून, उचलून नेले. अंथरुणाला खिळल्यापासून त्या प्रथमच घराबाहेर पडत होत्या. कंडक्टरने सकाळीच त्यांचे केस विंचरून अबोली माळली होती. हंगामाचे दिवस होते. लाइफ जॅकेट घातलेले पर्यटक रांगेत उभे होते, बोटींचे आवाज चालू होते. आशाताईंनी फोन समोर धरला. ‘कृपया दोन्ही डोळे मिटा.’ वहिनींनी डावा मिटला. ‘कृपया दोन्ही डोळे मिटा.’ पुन्हा डावा मिटला. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. उजवा डोळा उघडाच राहिला आणि उन्हाने त्यातून पाणी गळू लागले. रांगेतली एक बाई कोणाला तरी म्हणाली, “रडतायत बघ त्या.” कंडक्टर खुर्चीशेजारी वाकून उभा होता. तिथे दोरी नव्हती. वहिनींनी त्याच्या बॅगेचा पट्टा चाचपून धरला आणि खाली ओढला. पुन्हा एकदा ओढला. दोनदा.

“चला,” तो खुर्ची उचलणाऱ्यांना म्हणाला. “डबल बेल झाली.”

घरी आल्यावर, वहिनी खाडीच्या बाजूला वळून झोपल्यावर, आशाताई पडवीत हळूच बोलल्या. त्या वयाने आम्हा दोघांना मुलीसारख्या. “कंडक्टरकाका, मी एक सांगतंय, रागाव नकात. वयनींच्या जागेर मी बसतंय खुर्चीत. डोकीवरसून पदर घेतंय, डोळे मिटतंय. आदलो फोटो कागदार नाय, कोण ताडून बघतलो? तुमची सेविका आठ दिसांत येतली.”

 कंडक्टरने माझ्याकडे पाहिले; म्हणजे जिकडे मी बसलो होतो तिकडे तोंड केले. आणि मी, ज्याने तीन दशके इतरांच्या प्रतिज्ञापत्रांवर शिक्के मारले, म्हणालो की ही तोतयेगिरी आहे, हा दंडनीय अपराध आहे, उद्या उघडकीस आले तर आशाताईंची नोकरी जाईल, आणि शिवाय याची गरजच नाही, कारण कायदा संपूर्णपणे आपल्या बाजूने आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, त्यात माहिती व संपर्काची साधने सर्वांना वापरता येण्याजोगी करण्याची तरतूद आहे, वाजवी सोयीसुविधा नाकारणे हाच भेदभाव आहे. मी पत्र लिहितो.

“बिनतिकीट मी कोणाक चढवक नाय,” कंडक्टर म्हणाला. “आता हिच्या तिकिटार दुसऱ्याक कसो चढवू? लिवा तुमी, नाझरानू.”

मी लिहिले. पहिले पत्र नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह. उत्तर आले की आपली तक्रार अ‍ॅपमधील ‘तक्रार’ या बटणाद्वारे नोंदवावी. दार उघडत नाही ही तक्रार त्याच दारातून आत येऊन करावी, असा तो आदेश होता. दुसऱ्या पत्रात मी कलम बेचाळीस उद्धृत केले. ते पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आले आणि पुढच्याने ते आणखी पुढे पाठवले. तिसऱ्याचे उत्तर एका ओळीचे होते, ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ कोणत्या बाजूने, ते लिहिलेले नव्हते. ते पत्र मी स्थानिक वर्तमानपत्राकडे पाठवले आणि ते छापून आले. त्यानंतर मला पत्रे येऊ लागली. आंबोलीच्या एका बाईंनी लिहिले की पावसाळ्यात त्यांच्याकडे फोन चार्ज होण्याइतकीही वीज नसते आणि सासऱ्यांना सोडून त्यांना बाजारातल्या स्टॉलवर चार्जिंगला जाता येत नाही. नांदगावचे एक मास्तर आईची सेवा करतात. त्यांना स्वतःला ऐकू येत नाही, आणि खात्याकडून ओळख पटवायला यायचा तो फोनच. ही सर्व पत्रे मी परिशिष्टे म्हणून जोडली. चौथे पत्र अकरा पानांचे झाले. ते मी पडवीत वाचले तेव्हा आतून एकदाही सिंगल बेल आली नाही.

या सर्वाला हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग लागला. त्या काळात कंडक्टरने एकही फेरी चुकवली नाही. पण चहा कपाच्या शेजारी पडू लागला. एकदा पुठ्ठ्याऐवजी अंगठ्याला पंच लागला. फळीवरच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या, म्हणून फळी दिसेनाशी झाल्याचे त्याने कोणाला सांगितले नाही. वेबिलावर एका ओळीवर दुसरी ओळ लिहिलेली मी पाहिली, तेव्हा मला कळले. ‘चेहरा’ या रकान्यापुढे काहीच नव्हते. मी विचारले तर म्हणाला, “दिसाक नाय. खोटा कशाक लिवू?” आशाताई वहिनींजवळ बसल्या आणि मी त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले. उजवा डोळा गेला होता. डाव्यात एका कोपऱ्यात थोडी नजर उरली होती.

पुढच्याच आठवड्यात खात्याचे पत्र आले. टपालाने, सहीशिक्क्याचे. ज्या रुग्णांना डोळे मिटता येत नाहीत त्यांना त्या पायरीतून सूट. अक्षरे मोठी करण्याची सोय. ऐकू न येणाऱ्यांना लेखी निरोप. आणि ज्यांना अ‍ॅप वापरणे शक्य नाही अशा सर्वांसाठी आरोग्य केंद्रावर कागदी अर्ज पुन्हा सुरू. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय आहे आणि तो घेऊन मी दोन वेळा कुंपणापर्यंत जाऊन परत आलो; तिसऱ्यांदा ओलांडले.

“वाचा,” तो म्हणाला. मी जावक क्रमांकासह संपूर्ण वाचले.

“म्हणजे आता डोळे मिटूक नको?”

“नको.”

“बरा झाला. त्या आंबोलीच्या बायेची सोय झाली. मास्तराचीव झाली.” मग त्याने हात पुढे केला. मी पत्र दिले. त्याने बोटांनी कागदाचा कोपरा शोधला, बॅगेतून पंच काढला आणि तिथे एक भोक पाडले. पत्र मला परत केले.

मी म्हणालो, “कंडक्टर, त्या दिवशी मी आडवा आलो नसतो तर तुझा डोळा राहिला असता.”

“तुमी आडवे इलास?” तो म्हणाला. “सिंगल बेल मी मारलंय, नाझरानू. गाडी माजी होती.” आणि उठला, कारण दर्याकडच्या फेरीची वेळ झाली होती.

सेविका येऊ लागली. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. उरलेले राखले गेले, असे डॉक्टर म्हणतात. उरलेले म्हणजे उजेड आणि माणसांच्या आकृत्या. वाकण्याची परवानगी मिळाल्यापासून खाकी सदरा आणि बॅग पुन्हा अंगावर चढली आहे. ट्रेचे खण त्याला बोटांनी पाठ आहेत. पत्रे लिहिण्याचे माझे काम चालू आहे, पण आता ती मोठ्याने वाचून दाखवण्याचा उत्साह उरलेला नाही.

आज माझ्यासमोर तोच कागदी अर्ज आहे. वर्षातून एकदा नूतनीकरण करावे लागते. ‘रुग्ण संवाद कसा साधतो’ या प्रश्नापुढे मी ‘एक घंटा थांब, दोन घंटा चल’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले. ‘काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव’ या रकान्याशी मात्र मी मघापासून अडलो आहे. कारण अलीकडे पलीकडून येणाऱ्या घंटेचा अर्थ बदलला आहे. ती आता पेजेसाठी किंवा आमटीसाठी फारशी वाजत नाही. कंडक्टर हातात गरम पाण्याचे भांडे घेऊन स्वयंपाकघरातून निघतो. खोलीच्या दारात उंबरा आहे, त्यापुढे औषधांचे स्टूल. वहिनी, त्या वेळी दर्याकडे असोत वा खाडीकडे, मान वळेल तेवढी वळवून, त्या न मिटणाऱ्या डोळ्याने त्याच्या पावलांकडे बघत असतात. उंबऱ्याशी आला की एकदा दोरी ओढतात. तो थांबतो, पायाने उंबरा चाचपतो. मग दोनदा.

आत्ताच एक वाजली. मी पेन हातात धरून पुढच्या दोन ऐकू येण्याची वाट पाहतो आहे.